चौदा हजार टाक्यांचा हिशेब

गेल्या महिन्यात पुण्यातील एका हस्तव्यवसाय प्रदर्शनात एका गाळ्यापुढे थोडी गर्दी जमली होती. गाळ्यात गोधड्या मांडल्या होत्या. एका भगिनींनी त्यांतील एक उचलली, गालाला लावून पाहिली, शेजारणीला आपल्या आजीची आठवण सांगितली आणि किंमत ऐकताच ती पुन्हा होती तशी घडी करून ठेवली. "जुन्या साड्यांचे एवढे पैसे?" हे त्यांचे उद्गार. त्यांत दुष्टावा मुळीच नव्हता. मध्यमवर्गीय मराठी माणसाच्या मनात गोधडी ही वस्तू मायेच्या खात्यावर जमा झालेली आहे आणि मायेच्या खात्यात पैशांची देवघेव करायची नसते, अशी आपली जुनी समजूत आहे. त्या समजुतीला धरूनच त्या बोलल्या.

प्रस्तुत लेखकाला त्या वेळी आठवण झाली ती लोणी काळभोरच्या शिवारातील एका वस्तीची. गोधडी शिवणारी बाई तेथे राहते. तिचे नाव येथे देण्याचे कारण नाही, कारण तिच्यासारख्या अनेक बाया त्या पंचक्रोशीत आहेत. कवडीपाट, थेऊर, कुंजीरवाडी, उरुळी कांचन या पट्ट्यात उन्हाच्या वेळी एखाद्या वस्तीवर डोकावले तर लिंबाखाली किंवा पत्र्याच्या छपरीत अंथरलेली गोधडी आणि तिच्या कडेला मांडी घालून बसलेली बाई दृष्टीस पडते.

लोणी काळभोर हे गाव आज कोणत्या अवस्थेत आहे, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. सोलापूर रस्त्याने हडपसर, मांजरी मागे पडली की प्रथम दिसतात त्या इंधनाच्या टँकरांच्या रांगा. तेल कंपन्यांचे मोठे साठे येथे आहेत. राज कपूर यांची राजबाग याच गावाच्या हद्दीत. तेथे आता कला, रचना व तंत्रज्ञान शिकविणारे विद्यापीठ उभे आहे. शेजारच्या थेऊरचा यशवंत सहकारी साखर कारखाना २०११ साली बंद पडला आणि परिसरातील उसाची दिशाच बदलली. २०२१ साली येथील पोलीस ठाणे ग्रामीण पोलिसांकडून पुणे शहर आयुक्तालयाकडे गेले. म्हणजे कायदा-सुव्यवस्थेपुरते गाव शहरात आले. शेती मात्र अद्याप तलाठ्याच्या दप्तरात आणि कालव्याच्या पाण्यावर आहे. खडकवासल्याहून निघालेला नवा मुठा उजवा कालवा हवेली, दौंड व इंदापूर या तालुक्यांना पाणी देतो. त्याचे उन्हाळी आवर्तन केव्हा सुटणार आणि पुणे शहराला पिण्यासाठी राखून त्यातले किती उरणार, हा प्रश्न फाल्गुन सरला की दरवर्षी उभा राहतो. दुसरा जुना कालवा, ज्याला लोक बेबी कालवा म्हणतात, त्यात शहराने वापरलेले पाणी प्रक्रिया करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून सोडले जाते. त्या पाण्याची प्रक्रिया कितपत पूर्ण होते, याचे उत्तर कालव्याकाठी उभे राहणाऱ्याला नाकानेच मिळते.

अशा या पट्ट्यातल्या त्या बाईची शेती दीड एकराच्या आतबाहेर. त्यात रब्बीचा कांदा, बांधाला गाईपुरता घास, एका कोपऱ्यात थोडा गहू. चैत्र लागला की तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. शेतीपंपाची वीज पाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते. रात्रपाळीचा आठवडा असेल तर त्याआधीच. गोठा काढायचा, धार काढायची, दूध डेअरीच्या गाडीपर्यंत पोचवायचे, भाकऱ्या थापायच्या आणि ऊन तापण्याआधी कांद्याच्या वाफ्यात उतरायचे. कांदा उपटणे, पात कापणे, निवडणे हे सगळे वाकून करावयाचे काम. त्यातच कुरडयांचा चीक घाटण्याचे आणि सांडगे घालण्याचे हेच दिवस. कारण उन्हाला असा कडकडीतपणा पुढे मिळत नाही. साडेबारा-एकला जेवण होते. पुरुष माणूस चौकात जातो किंवा लिंबाखाली आडवा होतो, आणि बाई सुई हातात घेते. ही दुपारची दोन घटका विश्रांती म्हणजेच गोधडीचा कारखाना.

"दिवसाला किती होते, मावशी?" असा एक शहरी प्रश्न मी विचारला होता. त्यावर त्या हसल्या.

"दिवसाला कसली होतीय, दादा? पाटाला पाणी आलं की सुई कापडात खोचायची अन् खोरं हातात घ्यायचं. पाणी काय माझ्या टाक्यासाठी थांबतंय व्हय?"

उन्हाळ्याच्या तोंडाशीच हे काम का चालते, याची कारणे साधी आहेत. गहू घरात आलेला असतो, पाऊस दोन महिने लांब असतो, दिवस मोठा असतो. अंगणात सहा-सात फुटांचे कापड अंथरले तर ते भिजण्याची भीती नसते. याच दिवसांत जुन्या वाकळा धुवायच्या असतात. पूर्वी त्या वाहत्या पाटावर नेऊन दगडावर आपटीत; आता बेबी कालव्याचे पाणी पाहून तो विचार कोणी करीत नाही आणि बोअरच्या पाण्यावर चार बादल्यांत ते काम उरकावे लागते. शिवाय ज्येष्ठाच्या वद्य पक्षात देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून लोणी काळभोरला उतरते. त्या एका रात्री गावातल्या प्रत्येक घरात, पडवीत, शाळेच्या ओट्यावर माणसे निजलेली असतात, आणि गावाच्या वलणीवर जेवढे म्हणून अंथरूण-पांघरूण असेल तेवढे खाली येते. त्यामुळे पालखीच्या आत दोन नव्या वाकळा हाताशी असाव्यात, हा तेथील बायकांचा न लिहिलेला नेम आहे.

गोधडीची रचना पाहू. प्रथम जुनी लुगडी किंवा साड्या उसवून, काठ वेगळे काढून, धुवून घ्यावयाच्या. एक धडके कापड खाली अस्तर म्हणून अंथरायचे. त्यावर विटलेले, फाटलेले, कुचकामी झालेले कापड थरावर थर पसरायचे. हे तिचे पोट. या पोटात धोतराचे फाळके जातात, मुलांचे सदरे जातात, आणि सगळ्यात वर जरा बरे दिसणारे कापड किंवा ठिगळांची मांडणी येते. थर सरकू नयेत म्हणून चारी बाजूंनी मोठमोठे कच्चे टाके घालायचे. नंतर कडेपासून आत आत, चौकटीत चौकट असा धावदोरा घालीत मध्यापर्यंत जायचे. चार पदरांची ती चौघडी, बाळंत्यासाठी हलके ते दुपटे, जाडजूड ती वाकळ. ज्यांच्या घरी जुने शब्द शिल्लक आहेत त्यांना हे सांगायला नको. परंतु हे शब्द शिल्लक असलेली घरे कमी होत चालली आहेत.

आता थोडे अंकगणित. दोन मीटर लांब आणि एक मीटर चाळीस सेंटिमीटर रुंद अशी मध्यम गोधडी घेऊ. दोन ओळींत दोन सेंटिमीटरांचे अंतर धरले, तर कडेपासून मध्यापर्यंत पस्तीस चौकटी होतात आणि त्यांची एकंदर लांबी सुमारे १४० मीटर भरते. सेंटिमीटरला एक टाका धरला की टाक्यांची संख्या चौदा हजार. कित्येक थरांतून सुई आरपार काढायची असल्याने सरावलेल्या हातालाही मिनिटाला दहापेक्षा फारसे जास्त टाके घालता येत नाहीत, असे मानू. म्हणजे १,४०० मिनिटे, सव्वातेवीस तासांहून किंचित अधिक. रोज दुपारी दोन तास मिळाले आणि मध्ये पाटाला पाणी आले नाही, तर बारा दुपारी. कापड धुणे, उसवणे, थर लावणे हे यात धरलेलेच नाही.

या सव्वातेवीस तासांना दगड फोडण्याचा किंवा माती टाकण्याचा दर लावून पाहू. रोजगार हमीच्या कामासाठी २०२५-२६ या वर्षी महाराष्ट्राला ठरवून दिलेली मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर तीन दिवसांचे ९३६ रुपये झाले. अकुशल म्हणून शासनाने जी किमान मजुरी ठरविली, तिच्या हिशेबाने ही गोधडीची नुसती शिलाई होते. प्रदर्शनातील त्या भगिनी ज्या किमतीला दचकल्या, ती यापेक्षा फार वेगळी नव्हती. आणि तीत दोरा, वाहतूक, गाळ्याचे भाडे व मधल्या माणसाचा हिस्सा हे सारे बसवायचे होते. उरले काय आणि ते कोणाला मिळाले, हे वाचकांनीच ताडावे.

सोलापूर रस्त्याच्या दुतर्फा आता जी मोठमोठी गृहसंकुले उभी राहिली आहेत, तेथून लोणीच्या या बाईकडे कधीमधी काम येते. कोणाची आई वारली, तिच्या साड्या टाकवत नाहीत; कोणाच्या घरी बाळ येणार आहे. पिशवीभर साड्या येतात आणि घासाघीस होते. घासाघीस करताना साड्या घेऊन येणारा मनुष्य आईच्या आठवणीने गहिवरलेला असतो आणि तरीही पन्नास रुपये कमी करतो, हे विशेष. पूर्वी हा प्रश्न असा उद्भवत नसे, कारण सावडीने काम चाले. आज तुझ्या वाकळेवर चौघीजणी बसल्या, उद्या माझ्या. पैशाचा संबंध नव्हता, पण मोबदला होताच. तो श्रमाच्या फेडीच्या रूपाने होता. 'प्रेमाने शिवलेली' असे आपण ज्या गोधडीला म्हणतो, तिच्यामागे टाक्याला टाका परत करण्याचा हा काटेकोर व्यवहार होता. सावड मोडली आणि व्यवहाराचा अर्धाच भाग शिल्लक राहिला, तो म्हणजे फुकट शिवण्याचा.

आणखी एक बदल कापडाचा. सुती नऊवारी लुगडे हा गोधडीचा मूळ कच्चा माल. मध्ये फाटले की फाटका भाग कापून, उरलेल्या भागांचा जोड शिवून त्याला 'दंड' घालीत. दंड घातलेले लुगडे आणखी वर्ष-दोन वर्षे नेसत. आणि ते अगदीच विरले की वाकळेच्या पोटात जाई. कापूस शेतात, सूत मागावर, लुगडे अंगावर आणि अखेरीस अंगाखाली, असा तो प्रवास होता. नायलॉन आणि पॉलिएस्टर आले तेव्हा, 'फाटतच नाही' म्हणून बायकांनीच त्यांचे स्वागत केले आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. धुणे हलके झाले. परंतु ते कापड घाम टिपत नाही, थर एकमेकांवरून घसरतात, दोऱ्याची पकड राहत नाही आणि चुलीची ठिणगी पडली तर ते जळण्याऐवजी वितळून अंगाला चिकटते. आज गोधडी शिवणाऱ्या बाईसमोर येणाऱ्या दहा साड्यांत सुती दोन निघतात. शिवाय बोहारीण आहेच. जुन्या कपड्यांवर स्टीलचे पातेले मिळत असताना ते चार वर्षे जमवून वाकळ कोणी करावी? हातमागाचे प्रश्न आपण सभांतून पुष्कळ चर्चिले. हातमागाच्या कापडाचा शेवटचा ग्राहक गोधडी होती, आणि तिचा कच्चा माल आटला हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

येथपर्यंतचा भाग, फार तर, एका लहान हस्तव्यवसायाची करुण कथा म्हणून वाचून सोडून देता येईल. पण मुख्य प्रश्न निराळा आहे. ही बाई काय करते, असा प्रश्न सरकारने तिच्या घरी येऊन विचारला, तर घरातून उत्तर काय येते?

त्या प्रश्नाला दर दहा वर्षांनी एक ठरलेले उत्तर मिळत आलेले आहे : "ती काही करीत नाही, घरीच असते." १९८१ च्या जनगणनेपासून काम करणाऱ्यांचे मुख्य आणि सीमान्त असे दोन वर्ग करण्यात आले. वर्षातील १८३ दिवस किंवा अधिक काम केले तर मुख्य, त्याहून कमी तर सीमान्त, आणि उरलेल्यांपैकी बायका बहुधा 'घरकाम' या रकान्यात. आता लोणीच्या या बाईला कोठे बसवायचे? पहाटेची धार, दोन पाळ्यांची दारे धरणे, कांद्याची काढणी, खुरपणी आणि दुपारची सुई. तिचे १८३ दिवस कोणी मोजले आहेत? ती स्वतःसुद्धा मोजीत नाही. प्रगणक उंबऱ्यावर उभा असतो, उत्तर घरधनी देतो, ती आत चुलीपुढे असते.

वास्तविक हिशेबाची शास्त्रीय पद्धत तिच्या विरुद्ध नाही. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार घरच्या वापरासाठी वस्तू तयार करणे हे तत्त्वतः उत्पादनातच धरले जाते. स्वयंपाक, धुणे, मुलांना सांभाळणे या सेवा मात्र त्याच्या कुंपणाबाहेर राहतात. भाकरी थापणे कुंपणाबाहेर आणि तीच बाई दुपारी वाकळ शिवू लागली की कुंपणाच्या आत, असा हा अजब बांध आहे. २०१३ साली जिनिव्हात भरलेल्या श्रमसांख्यिकीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने या गुंत्यातून वाट काढताना घरच्या वापरासाठी केलेले सर्व श्रम 'काम' म्हणून मान्य केले, पण 'रोजगार' हा शब्द मोबदल्यासाठी केलेल्या कामापुरता राखून ठेवला. म्हणजे पालखीसाठी शिवलेली वाकळ हे काम, गृहसंकुलातील बाळासाठी शिवलेले दुपटे हा रोजगार. बाई तीच, सुई तीच.

आपल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली आणि पुन्हा २०२४ साली वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. ही चांगली गोष्ट झाली. २०१९ मध्ये विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि पुरुष ९७. २०२४ मध्ये हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे वाचली. पुरुषांची नऊ मिनिटे वाचली. यावर अधिक भाष्य करण्याची जरुरी नाही. गोधडीसारख्या, घरच्या वापराच्या वस्तूंच्या उत्पादनाची नोंद या पाहणीत वेगळी होते. परंतु पाहणी ही नमुन्याची असते. गावाच्या दप्तरात त्यातून काही उतरत नाही.

या ठिकाणी एक आक्षेप येणार, याची मला जाणीव आहे. प्रत्येक गोष्टीला दर लावायचा, प्रत्येक टाका मोजायचा, म्हणजे घर ही गिरणी करायची का? आजीच्या गोधडीचे बिल मागणार काय? आक्षेप खोटा नाही. काही वस्तू बाजाराबाहेर राहिल्या पाहिजेत, असे मलाही वाटते. अंगावर चिंध्यांची गोधडी पांघरून फिरणाऱ्या डेबूजी झिंगराजी जानोरकरांना लोक कोठे गोधडेबुवा, कोठे चिंधेबुवा म्हणत. पुढे ते गाडगेबाबा झाले. त्यांच्या गोधडीची किंमत कोण करील? पण त्याच गाडगेबाबांनी कोणाचे अन्न कधी फुकट खाल्ले नाही. आधी गाव झाडला, मग भाकरी मागितली. श्रमाची फेड केल्याशिवाय घ्यायचे नाही, हा दंडक त्यांनी स्वतःला लावला होता. आपण त्यांची गोधडी उचलली आणि तो दंडक ठेवून दिला.

परदेशातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड ही कृष्णवर्णीयांची छोटी शेतकरी वस्ती आहे. कापसाच्या शेतावर राबणाऱ्या तेथील स्त्रिया कामाचे जीर्ण कपडे जोडून गोधड्या शिवीत. १९६६ साली, नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, त्या भागातील स्त्रियांनी गोधड्यांची एक सहकारी संस्था काढली. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयाने व नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जीज बेंडच्या गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या आणि समीक्षकांनी त्यांची आधुनिक चित्रकलेशी तुलना केली. २००६ साली त्यांवर टपाल तिकिटे निघाली. आणि २००७ साली त्यांच्यापैकी काही स्त्रियांना मोबदल्यासाठी न्यायालयात दावे लावावे लागले. ते पुढे आपसात मिटले. गौरव आणि मजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली मिळाली म्हणून दुसरी आपोआप पाठोपाठ येत नाही, हे तेथे दिसले. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी सातासमुद्रापलीकडे प्रदर्शनात गेली. आमच्या वाकळेची पाळीही कदाचित येईल. तेव्हा हा अनुभव ध्यानात असावा.

महाराष्ट्राला तर या बाबतीत दुसऱ्याकडून शिकण्याचे तसे कारण नाही. १९७२ च्या दुष्काळात लाखो स्त्रिया खडी फोडायला बसल्या, तेव्हा त्यांच्या कामाची नोंद झाली, हजेरीपटावर त्यांचे अंगठे उठले. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. बाईचे नाव हजेरीपटावर येणे ही क्षुल्लक बाब नव्हती. घरी शेतावर तेच श्रम करणारी बाई मात्र कोणत्याच पटावर नाही, हे त्याच वेळी ध्यानात यायला हवे होते. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे जे प्रचंड अधिवेशन झाले, तेथे ते बोलले गेले. त्यानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढून शेतकऱ्यांना आवाहन केले की, बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्या. अनेक गावांतील शेतकऱ्यांनी तो करूनही दिला. शासनानेही पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली. ती सोय आजही आहे. अडचण एवढीच की अर्ज पतीने करावयाचा असतो.

लोणी काळभोरच्या त्या दीड एकराला हा प्रश्न लागू आहे. रस्ता रुंद होत आहे, संकुले जवळ येत आहेत, जमिनीचा भाव एकरातून गुंठ्यावर आलेला आहे. वस्तीच्या दोन्ही अंगांनी जमिनी विकल्या गेल्या. विकताना सह्या कोणाच्या लागल्या? बहिणींच्या, कारण महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. त्यामुळे हक्कसोडपत्रासाठी का होईना, बहिणींना माहेरी बोलवावे लागते. ज्या सुनेने पंचवीस-तीस वर्षे त्या जमिनीत दारे धरली, तिची सही लागत नाही. नवरा हयात असेतो तिला सातबाऱ्यावर आपोआप स्थान नाही. सातबारा नाही म्हणून पीककर्ज तिच्या नावे नाही, किसान सन्मान निधीची वार्षिक सहा हजारांची रक्कम तिच्या खात्यावर नाही. २०२४ पासून राज्याने 'लाडकी बहीण' म्हणून महिना पंधराशे देऊ केले, ते तिला मिळतात आणि तिच्या उपयोगीही पडतात. नाही कशाला म्हणा. पण ती मदत आहे. तिच्या श्रमाचा हिशेब त्यात कोठेही नाही. उद्या हा दीड एकर विकला गेला, तर लिंब जाईल, छपरी जाईल आणि ती कोणत्या तरी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायला जाईल. तेथे गोधडी अंथरण्याइतकी मोकळी जागा असेल की नाही, याचा विचार व्यवहार ठरविणारांच्या मनात येणे शक्यच नाही.

मग करायचे काय? गोधडी महामंडळ काढा, असे सुचविण्याचा माझा बेत नाही. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे, बचतगटांचे जाळे आहे, विक्रीची प्रदर्शने आहेत. त्यांतून काही बायकांना चार पैसे मिळतात, हे मान्यच आहे. मात्र एवढे करता येण्याजोगे आहे. बचतगटांच्या मालाची किंमत ठरविताना शिलाईचे तास धरून, निदान रोजगार हमीच्या दराने, मजुरी वेगळी दाखवावी. म्हणजे गिऱ्हाईक घासाघीस करताना कोणाच्या तोंडचे काढतो आहे, ते त्याला दिसेल. जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरविण्यात आला आहे. त्या कामासाठी प्रगणकांना जे प्रशिक्षण द्यायचे, त्यात एक सूचना ठळकपणे असावी : बाईच्या कामाविषयीचा प्रश्न बाईलाच विचारावा, आणि 'काही करीत नाही' हे उत्तर दुसऱ्याच्या तोंडून आले तर ते लिहून घेऊ नये. आणि ज्या गावात रचनाशास्त्राचे उच्च शिक्षण दिले जाते, त्या गावच्या विद्यार्थ्यांनी एखाद्या उन्हाळ्यात कोस-दीड कोस चालत जाऊन चौकटीत चौकट बसवणाऱ्या त्या हातांशेजारी बसावे. शिकवायला नव्हे, शिकायला. आणि शिकविणारीला शिक्षकाचे मानधन द्यावे.

सातबाऱ्याचे काय, हे मी त्या मावशींना विचारले होते. सोय असल्याचे त्यांना ठाऊक होते. "पोरगा म्हणतोय अर्ज देऊ, अन् हे बी नाही म्हणत न्हाईत," त्या म्हणाल्या, "पण कांदा निघू द्या म्हणतात." कांदा निघाला की भाव पाहायचा, भाव पाहिला की साठवायचा की विकायचा ते ठरवायचे, तोवर आवर्तन सुटेल, नंतर पालखी येईल. मी निघालो तेव्हा तीन वाजले होते. गोधडीची बाविसावी का तेविसावी चौकट चालू होती. तेवढ्यात चारीकडून कोणीतरी हाक दिली. त्यांनी दोरा न तोडता सुई कापडात खोचली, एक कोपरा दुमडून वर वीट ठेवली आणि छपरीच्या कुडाला टेकवलेले खोरे उचलले.